गाठीजवळचा कोयता

दिवा-सावंतवाडी पॅसेंजर पनवेल स्टेशनात शिरली तेव्हा मी दोन तिकिटं मुठीत धरून फलाटाच्या कडेला उभा होतो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तो माणूस मात्र चपला काढून बाकावर मांडी घालून बसलेला. "तांडेल, गाडी आली!" मी ओरडलो. त्याने गाडीकडे एकदा नजर टाकली, सावकाश चपला पायात सरकवल्या आणि म्हणाला, "आलीय तं थांबल ना. पलताव कनाला?" (पळता कशाला?)

धर्मा तांडेल उरणच्या मोरा बंदरावरचा कोळी. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. वय सत्तरीला टेकलेलं, दंड अजून वल्ह्यासारखे, आणि बोलणं मोजून. मी त्याच्या नेमका उलटा. पनवेलच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालो, कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि बायकोच्या मते 'विचारलं नसताना सांगणारा' माणूस आहे. निघताना ती दारात म्हणालीच, "त्या बिचाऱ्याला ऐकवत बसू नका सगळं. त्यालाही बोलू द्या." मी मान डोलावली. अशी मान मी पस्तीस वर्षं डोलावत आलोय.

२०११ सालचा फेब्रुवारी होता तो. आम्ही चाललो होतो विजयदुर्गाला, आणि ही जोडी जमवली होती हिराने. हिरा म्हणजे तांडेलच्या धाकट्या भावाची, काशिनाथची बायको. पनवेलच्या उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात ती बसते आणि माझी पापलेटं गेली कित्येक वर्षं तिच्याच पाटीतली. २००९ च्या नोव्हेंबरात समुद्रात ते मोठं वादळ झालं, त्यात काशिनाथ गेला. बोट खडकावर सापडली, माणूस चार दिवसांनी. पुढे वर्षभरात हिराने बोट दुरुस्त करून घेतली, नवं इंजिन बसवलं, आणि तरीही बोट मोऱ्याच्या किनाऱ्यावर कोरडीच उभी होती.

"खलाशी येत नाय, सर," एका रविवारी ती सुरमई कापता कापता म्हणाली. "बोलतान, तुमच्या घरचा नियम हाय तवर आमी तुमच्या बोटीवर पाय ठेवनार नाय."

हा नियम असा. वादळवारा सुटला की कोळी जवळच्या खाडीत शिरतात आणि बोटीला बोट लावून, दोरांनी एकमेकींना बांधून उभ्या करतात. एकीचा नांगर सुटला तरी बाकीच्यांचे धरून ठेवतात. पण धर्मा तांडेलच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या बंदी: आपली बोट दुसऱ्या बोटीला बांधायची नाही. कितीही वारा असो, आपला नांगर वेगळा. त्या रात्री दिघीच्या खाडीत सात बोटी बांधून उभ्या होत्या, त्या सातही वाचल्या. काशिनाथ एकटा उभा राहिला. पहाटे नांगर घसरला. खलाशांना त्या सात बोटीवाल्यांनी दोर फेकून ओढून घेतलं, काशिनाथ सुकाणू धरून राहिला.

"सात बोटीवाले बोलवीत व्हते त्याला," हिराने सुरी पाटावर आपटली. "यो एकटा शाना! घरात बायको हाय, याचा तरी इचार करायचा. मी त्याला अजून माफ नाय केला, सर. मेलेल्या मानसावर राग धरू नये, पन धरलाय."

तिनेच पुढचं सांगितलं. शिमग्याला सगळ्या बोटी बंदरात परततात, तेव्हा खलाशी पुढची बोट ठरवतात. तोवर नियम सुटला नाही, तर बोट विकून टाकायची. आणि नियम सोडायचा तर घरात मोठा कोण? धर्मा तांडेल. तो म्हणत होता, "जिथं ह्यो नियम झाला ती जागा मना दाखवा. मंग बोलतू."

ती जागा म्हणजे विजयदुर्ग. "तुमी इतिहासाचं सर," हिरा म्हणाली, "तुमीच घेऊन जा त्याला." मला कुणी इतिहासाचं सर म्हटलं की माझी छाती दोन बोटं फुगते. मी लगेच हो म्हणालो.

गाडी आपट्याला थांबली. डाव्या हाताला पाताळगंगा संथ पडली होती, बायका धुणं आपटत होत्या. तांडेलने खिडकीतून पाण्याकडे बघून सांगितलं, "ओहोटी लागली." स्टेशनाच्या नावाची पाटी त्याने वाचली नाही, पण पुढच्या दोन तासांत जी जी खाडी लागली तिचं पाणी चढतंय की उतरतंय, हे मात्र बिनचूक सांगितलं.

पेणच्या पुढे त्याने हिराने दिलेली शिदोरी सोडली. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. फडकं सुटलं मात्र, समोरच्या बाकावरचं एक सुशिक्षित कुटुंब नाकाला रुमाल लावून पलीकडच्या बाकावर गेलं. "बरा झाला," तांडेल म्हणाला आणि त्या रिकाम्या बाकावर पाय लांब केले. चटणी अशी झणझणीत होती की मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि रोह्यापर्यंत पाणी पीत बसलो.

पोट भरल्यावर माझी जीभ सुटली. सतराशे छप्पनचा फेब्रुवारी, मी सुरू केलं. विजयदुर्ग हा आंग्र्यांच्या आरमाराचा किल्ला. कोकण किनाऱ्यावर त्या आरमाराचा असा दरारा, की फिरंगी जहाजं लांबून जायची. पण आंग्रे आणि पेशवे यांचं बिनसलं, आणि घरातलं भांडण मिटवायला पेशव्यांनी इंग्रजाला बोलावलं. समुद्रातून इंग्रजांच्या तोफा, जमिनीवरून आपलंच मराठी सैन्य. एक गोळा एका जहाजावर पडला, जहाज पेटलं. आणि सगळं आरमार एकमेकांना बांधून किल्ल्याच्या आडोशाला उभं! एका दुपारीत सगळं गेलं. जिंकणाऱ्यांनी ही लढाई मोठ्या रंगात लिहून ठेवली आहे. हरणाऱ्यांच्या बाजूने लिहायला कुणी उरलंच नाही, किंवा उरले ते लिहिणारे नव्हते.

"आमचा एक उरला," तांडेल म्हणाला. त्याच्या घरातली गोष्ट एवढीच होती: त्यांचा एक पूर्वज तिथे गुराबेवर (डोलकाठ्यांच्या लढाऊ जहाजावर) खलाशी होता. जहाजं पेटली तेव्हा उडी मारून पोहत निघाला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालत उरणला आला. अंगावर लंगोटी, कमरेला कोयता. घरच्यांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, बोट बोटीला बांधू नका. पुढे मरेपर्यंत दुसरं काही बोलला नाही. तो कोयता अजून घरात आहे. नारळी पुनवेला नारळ समुद्राला देण्याआधी तो बोटीच्या पुढच्या टोकावर ठेवून त्याची पूजा होते. का होते, ते कुणाला माहीत नाही.

"कोयता कशाला आणला असेल?" मी विचारलं.

"जंगलातून चालत आला ना. वाटंला कोल्हंबिल्हं," तो म्हणाला. मला ते पटलं.

वैभववाडीला उतरलो, तळेऱ्याला एस.टी. बदलली आणि तिथून खरी गंमत सुरू झाली. जन्मभर समुद्रात हेलकावे खाल्लेला हा माणूस, त्याला एस.टी. लागली! पहिल्या पाच वळणांत चेहरा पांढरा, दहाव्या वळणाला खिडकीबाहेर डोकं. कंडक्टर ओरडतोय, मागची बाई पदर सावरतेय, आणि तांडेल मध्येच डोकं आत घेऊन मला म्हणतो, "सर, ही हालते निस्ती. चालते कवा?" मी हसलो, मग त्याची पाठ चोळली. पडेल कँटीनला त्याला लिंबू चोखायला दिलं तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

विजयदुर्ग पहिल्यांदा दिसतो तो अचानक. रस्ता संपतो, एस.टी. वळते, आणि समोर पाण्यातून वर आलेली काळी तटबंदी, एकात एक तीन पदरी. पलीकडे समुद्र, अलीकडे वाघोटनची रुंद खाडी. सूर्य खाली आला होता. मी 'अहाहा' म्हणायला तोंड उघडलं, पण तांडेल किल्ल्याकडे बघतच नव्हता. तो खाडीकडे बघत होता. "वारा आत येतो हितं," एवढंच म्हणाला.

स्टँडजवळच्या एका खाणावळीत राहायची सोय झाली. मालकीणबाईंनी विचारलं, "खंयसून इलास?" (कुठून आलात?) पनवेलहून म्हटल्यावर म्हणाल्या, "मगे जेवणात तिखट कमी घालूक व्हया." (घालायला हवं.) मी दुखावलो. ताटात बांगड्याची तिरफळं घातलेली आमटी, उकडा भात आणि सोलकढी. तांडेलने बांगडा उलटा करून डोळा बघितला, खवले बघितले, आणि 'सकालचा हाय' असा दाखला दिला. मगच जेवला.

सकाळी किल्ला चढलो. पहारेकऱ्यासारखे उभे असलेले बुरूज, कोरडी तळी, गवताने भरलेले वाडे, दगडांत रुतून बसलेले तोफगोळे. फिरत फिरत आम्ही खाडीच्या बाजूच्या तटावर आलो. खाली निळंहिरवं पाणी. हीच ती जागा. मी तटाला टेकलो, हात खाडीकडे केला आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हणालो, "तांडेल, इथे उभं होतं आरमार! गोळा एका जहाजावर पडला..."

"...पन जललं आख्खं आरमार, कारन ते बांधलेलं व्हतं," तांडेलने माझं वाक्य पुरं केलं. "ज्याला बांधाल त्याच्यासंगं बुडाल. इसरू नका."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. शब्द न् शब्द माझा होता. हे वाक्य मी वर्गात किती वर्षं टाकत होतो, पण याला कसं माहीत?

"मोऱ्याच्या गनपतीत तुमचा भाषन झाला," तो म्हणाला. "वादल झाला त्याच साली. तुमाला शाल दिली, नारल दिला."

आठवलं. मांडवात पाचेकशे माणसं, समोर सगळे कोळी, म्हटलं यांना आरमाराचं सांगू. या वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या. कुणीतरी दोन मोठी पापलेटंही दिली होती, ती मी मिटक्या मारत खाल्ली होती.

"काशिनाथ माझ्या बाजूला बसला व्हता," तांडेल सांगू लागला. मोजून बोलणारा माणूस, पण आता थांबेना. "त्या वर्सभर माझ्या मागं लागला व्हता. दादा, ह्यो नियम सोड, जग सुधारला, कवातरी आपली बोट एकटीच जाईल. मी बी थकलू व्हतू, सर. मनात आला व्हता, सोडावा. त्या दिसाला तुमी तसा बोललाव. घरी जाताना काशिनाथ हसला. बोल्ला, दादा, हरलू मी. सर बी तुझ्याच बाजूचं निघालं."

मी खाली दगडावर बसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला! ना मी कधी बोट बांधली, ना सोडली, ना वाऱ्यात उभा राहिलो. पुस्तकातला एक परिच्छेद वाचला आणि समुद्रावर जगणाऱ्यांना समुद्र शिकवून आलो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला माझ्या बोलण्याची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"मंग वादलाच्या सांजंला त्याचा फोन आला," तांडेल पुढे म्हणाला. त्याने आवाज खाली घेतला. "बोल्ला, दादा, दिघीत हाव. हितं सात बोटी बांधल्यात, आमाला बोलवतान. दोर टाकू काय? मी बोल्लू, नाय. वेगला नांगर टाक. त्यानं आयकला. मंग बोल्ला, बरा."

"हिराला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाय. तिला वाटतं त्यानंच आडमुठंपना केला. मी बोलू दिला तिला तसा. पंधरा म्हयनं ती मेलेल्याला शिव्या देते, आन मी आयकतू." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "म्हनून हितं आलू, सर. नियम खरा निगाला, तं काशिनाथ नशिबानं जेला (गेला). खोटा निगाला, तं मी मारला."

मग मला कळलं की हा माणूस जागा बघायला आला नव्हता, निकाल घ्यायला आला होता. आणि खरं सांगतो, त्या क्षणी नियम खरा निघावा असं त्याच्याइतकंच मलाही वाटत होतं.

दुपारी जेट्टीवर दाजीकाका म्हणून एक म्हातारा गाबीत (तिथला मच्छीमार) भेटला. त्याने आम्हाला त्याच्या लहान होडीतून खाडीत घेतलं. तीन वाजायला आले होते. समुद्रावरचा वारा उठला आणि सरळ खाडीत घुसला, होडी गर्रकन फिरली. तांडेलने न विचारता वल्हं हातात घेतलं. दोघं म्हातारे एक शब्द न बोलता होडी सांभाळू लागले, आणि मी मधल्या फळीवर पोत्यासारखा बसून राहिलो.

किल्ल्याच्या आडोशाला आल्यावर तांडेलने विचारलं, "हितं आरमार बांधून ठेवायचा काय कारन? वेगलं नांगर का नाय टाकलं?"

दाजीकाका हसला. "वेगळे? ह्या पाण्यात? भरती इली की होडी हयसून फिरतली, ओहोटी लागली की थयसून. इतक्यो होडयो वेगळ्यो ठेवलास तर एकमेकींक आपटान फुटतल्यो. बांधूकच व्हयी. आमी पण बांधतो."

"पन बांधल्या म्हनून जलल्या."

"बांधल्यानी म्हणान नाय, बाबा. सोडूक कोण नव्हतो म्हणान." दाजीकाकाने किल्ल्याकडे हात केला. "आमचे म्हातारे सांगत, माणसा सगळी वर तोफांर गेलेली. होडयांर राखणेक एकेक खलाशी. तेनी गाठी तोडूक व्हयो होत्यो. आग बघून जीव घेवन पळाले. तेंचो तरी काय दोष? पण गाठ रवली ती रवलीच."

हे कुठल्या कागदात नाही. मी इतिहासाचा मास्तर आहे, कागदाशिवाय बोलू नये हे मला कळतं. पण त्याच वेळी दाजीकाका दुसऱ्या एका नांगरलेल्या होडीला आमची होडी लावत होता. त्याने दोर फिरवला, गाठ मारली, आणि फळीखालून एक कोयता काढून त्या गाठीशेजारी ठेवला. अगदी सहज, दाराला कडी लावावी तसा.

तांडेल कोयत्याकडे बघत राहिला. "ह्यो कनाला?"

"कोयतो? गाठीकडे नको?" दाजीकाकाला प्रश्नच कळेना. "भिजलेली गाठ हातान सुटता काय? आग लागांदे, वारो फिरांदे, घाव घालूचो आणि मोकळा. बांधलास की कोयतो गाठीकडे. ता आमचा पयल्यापासून."

तांडेलने कोयता उचलून पात्यावरून अंगठा फिरवला. वारा चालू होता, पाणी होडीवर चापट्या मारत होतं. मग तो बोलला, मला नाही, त्या पाण्याला. "कोल्ह्यांसाठी नव्हता आनला त्यानं."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. तो पूर्वज राखणीला ठेवलेला खलाशी होता. गाठीजवळचा कोयता त्याच्याच हातात होता. आग बघून त्याने उडी मारली, आणि गाठ तोडायचा कोयता न वापरता कमरेला खोचून घरी घेऊन आला. घरी काय सांगणार होता? मी पळालो, असं? त्याने सांगितलं, बांधू नका.

"सांगावा अर्धाच आला, सर," तांडेल म्हणाला. "बांधा, आन कोयता जवल ठेवा, असा व्हता तो. लाजंपायी त्यानं अर्धा गिलला. आमी तो अडीचशे वर्सं पालला, आन कोयत्याला फुलं वाहिली." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. दाजीकाकाने काही न विचारता आपला पंचा पुढे केला.

संध्याकाळी खाणावळीत मालकीणबाईंनी मुद्दाम आमच्यासाठी कालवांचं सुकं केलं होतं. दोघांनीही ताटावर बसून नुसता भात चिवडला. "तिखट झाला काय?" बाई विचारत होत्या. मी नाही म्हणालो, आणि बाईंना वाटलं मी खोटं बोलतोय.

परतीच्या एस.टी.त तांडेलला काहीही लागलं नाही. वळणांवर वळणं गेली, तो समोरच्या दांड्याला धरून बसून होता. पॅसेंजर गाडीत मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बायको असती तर तिला आश्चर्य वाटलं असतं. खाड्या येत गेल्या, जात गेल्या, त्याने एकाही पाण्याची चढउतार सांगितली नाही. मला सारखं वाटत होतं की त्या पूर्वजाला मी दोष देऊ शकत नाही. त्याने लाजेपोटी अर्धं सांगितलं. मी टाळ्यांसाठी अर्धं सांगितलं होतं. आपट्याला पाताळगंगेवर उन्हं कलली होती तेव्हा तांडेल म्हणाला, "सर, घरी नका जाऊ अजून. उद्या सकाली माझ्यासंगं मोऱ्याला चला. एकट्यानं नाय व्हनार माझ्याच्यानं." त्या रात्री तो कामोठ्यात आमच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी पनवेलहून उरणची एस.टी. आणि तिथून मोरा. जेट्टीवर मुंबईची लाँच लागली होती, माणसं पिशव्या सावरत उतरत होती. हिराचं घर बंदराच्या मागच्या गल्लीत. ती नुकती बाजारातून आली होती, अंगणात बसून रिकामी पाटी धूत होती. आम्हाला बघून उभी राहिली. "काय ठरला, दादा?"

तांडेल अंगणातच खाली बसला. मोठा दीर असा भावजयीसमोर जमिनीवर बसलेला बघून ती गोंधळली. त्याने सगळं सांगितलं, क्रमाने, काही न वगळता. कोयता, पूर्वज, खाडी. आणि मग फोन. "त्यानं मना इचारला, हिरा. दोर टाकू काय, असा. मीच नाय बोल्लू. तो नाय आडमुठा. मी."

हिराच्या हातातली पाटी तशीच राहिली. मी पुढे झालो आणि माझंही सांगितलं. गणपतीतलं भाषण, ते वाक्य, त्या टाळ्या. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, तुमी लय बोलताव." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग ती तांडेलकडे वळली. "मंजे त्यानं इचारला व्हता."

"हाव."

"आजून काय बोल्ला?"

तांडेलने मान खाली घातली. "बरा, असा बोल्ला. मंग..." त्याने तिच्यापुढे हात जोडले. "मंग बोल्ला, हिराला सांग, जेवून घे. माझी वाट बगत उपाशी राहू नको. मी तुला सांगाया आलूच नाय, हिरा. तुझ्याकरं आलू असतू तं फोनाचा सांगावा लागला असता."

लाँचचा भोंगा वाजला. हिराने पदराने तोंड पुसलं, पाटी भिंतीला टेकवून उभी केली, आणि म्हणाली, "दादा, कोयता काढा देव्हाऱ्यातून. धार लावून आना. आन खलाशांना सांगा, शिमग्याला आपली बोट बांधनार." तांडेल उठला आणि कोयता आणायला गेला.

मी निघायला वळलो तेव्हा हिरा चुलीपाशी बसली होती. तिने थाळीत भात घेतला, वर कालवण ओतलं. सकाळचे साडेअकराच वाजले होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जेवते मी. त्यानं सांगितलाय."